ब्रॅकनशॉची बिननावाची बाई

र्युसेल्सहाइम
रविवार, १० मार्च २०२४

कौमुदी,

आशीर्वाद शेवटी देईन, शिल्लक राहिला तर. आधी भांडण.

हे पत्र नीता लिहिते आहे. गुरुदत्तची बायको, तुझी भावजय. तुमची भेट त्यांच्या लग्नात झाली तेवढीच. मी बोलते, ती लिहिते. ती पुण्याची, त्यामुळे माझं इचलकरंजीचं बोलणं आधी धुते, मग इस्त्री करते आणि मग कागदावर ठेवते. कुठं फारच परीटघडीचं वाटलं तर ते तिचं. शिव्या कमी वाटल्या तर तेही तिचंच. आणि लिहिताना मान खाली घालून काहीतरी विचारत असते. मी सांगितलंय, विचारायचं असेल तर तोंड वर करून विचार, मी काय तुझ्या भांगाशी बोलू?

फोन का केला नाही म्हणशील. तू उचलत नाहीस. शिवाय फोन एका बोटानं बंद करता येतो. पत्र फाडायला दोन हात लागतात. म्हणून पत्र. तेही साधं नाही, इथं जर्मनीत त्याला आइनश्राइबेन म्हणतात, असं नीता सांगते. म्हणजे पोस्टमन तुझ्याकडून सही घेतल्याशिवाय देणार नाही. मी अंगठा दिला, तू सही दे.

तुझं पुस्तक आलं. गुरुदत्तच्या नावानं आलं, माझ्या नावानं नाही. मला वाचता येत नसलं तरी पाकिटावर कुणाचं नाव आहे हे विचारता येतं. ‘ब्रॅकनशॉ : बारा थांब्यांत एक गाव’. नीता रोज चहाच्या वेळी एकेक थांबा मराठीत करून सांगते. चौक, चौकातला दगडी खांब, कापडाचा बाजार, कालवा, गिरणीची चिमणी. चांगलं लिहिलंयस म्हणाली. मी म्हटलं, लिहिणारच, कुणाची पोरगी आहे.

मग काल बारावा थांबा आला. जुनी गिरणी, तिथलं संग्रहालय. आणि पानावर मी.

तो फोटो मला ओळखायला नीता लागली नाही. चारुदत्त शेठनं नवीन कारखाना काढला तेव्हा उद्घाटनाला फोटोवाला आणला होता. त्यानं शेठजींचे बारा फोटो काढले आणि शेवटचा उरला म्हणून माझा काढला. मी मागाचा धोटा तोंडाला लावून त्याच्या भोकातून सूत ओढतेय. गाल आत गेलेत, डोळे मागावर. म्हटलं, बघ नीता, सासू कशी दिसायची. ती घाईनं पान उलटायला लागली. म्हटलं, खाली काय लिहिलंय ते वाच. तर म्हणते, आई, चहा गार होतोय.

मी चहा गार होऊ दिला.

‘भारतातील एक माग कामगार. नाव उपलब्ध नाही. ही स्त्री निरक्षर होती. धोट्यातून तोंडाने सूत ओढताना तिचा दात गेला. तिच्यासमोर दुसरा पर्याय नव्हता.’

कौमुदी, होती? मी आहे. आत्ता इथं खुर्चीवर बसून तुझ्या भावजयीनं केलेला उपमा खातेय, तो थोडा कमी भाजलाय हेही मला कळतंय. मेलेल्या बाईला कळलं नसतं.

आणि नाव उपलब्ध नाही? तुझ्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव काय होतं? तुझ्या पासपोर्टात काय आहे? अख्ख्या इंग्लंडात एका माणसाला ते नाव ठाऊक होतं आणि तोच माणूस लिहितो की उपलब्ध नाही.

नीता सांगते, एक जूनला तुमच्या बाजाराला सातशे वर्षं होतात, त्या दिवशी हीच वाक्यं मोठ्या पाटीवर गिरणीच्या भिंतीवर लागणार. तुझ्या पुस्तकातच तसं आहे. तर ऐक. पाटीवर माझं नाव पाहिजे. सगुणा. नाहीतर फोटो काढ. मला कीव म्हणून कुणाच्या भिंतीवर लटकायचं नाही.

माझा व्हिसा नव्वद दिवसांचा. पंचवीस मेच्या आत मला इचलकरंजीला परतायचंय. तोवर उत्तर दे.

अंगठा तुझ्या आईचा. निळा आहे, शाई नातीच्या शाळेच्या दप्तरातली.


र्युसेल्सहाइम
रविवार, २४ मार्च २०२४

कौमुदी,

चौदा दिवस झाले. नीता म्हणते, पत्र पोचलं, तू सही केलीस, त्याचा मेसेज तिला आला. म्हणजे पाकीट तुझ्या हातात आहे. बरं. तू गप्प बस. मी बोलते. गप्प बसायला तू माझ्याकडूनच शिकलीस, आता बोलायलाही शीक.

आज रविवार. इथं रविवारी खिळा ठोकायचा नाही, कपड्यांचं मशीन लावायचं नाही, मोठ्यानं भांडायचं नाही. म्हणून कागदावर भांडतेय.

तुझं पुस्तक मी परत पहिल्यापासून ऐकलं. आता मला तुझं गाव गुरुदत्तच्या गावापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याच्या गावात काय आहे? नदी आहे, गाड्यांचा कारखाना आहे. संध्याकाळी पाळी सुटली की माणसं सायकली काढून घरी जातात. विचारलं, इथं जुनं काय आहे? म्हणतो, आई, कारखानाच जुना आहे. मी म्हटलं, मग मला परकं वाटायचं कारण नाही.

तुझ्या चौकातला तो दगडी खांब मला आवडला. वरचा क्रूस सात वेळा पडला म्हणून शेवटी कुणी लावलाच नाही आणि आता पायऱ्यांवर बसून माणसं बटाट्याच्या चिपा खातात. देवाला जागा नाही मिळाली, माणसांना मिळाली. गंमत आहे.

नदीचं वाचून मात्र मी हसले. रंगखान्यात ज्या दिवशी जो रंग, त्या दिवशी नदी त्या रंगाची. पोरं शाळेत जाताना नदी बघून सांगायची की आज लाल कापड. हे तू मोठ्या कौतुकानं लिहिलंयस, जणू काही तुझ्या गावातच घडलं. अगं, तू आठ वर्षांची असताना ओढ्याच्या पुलावर उभी राहून ओरडायचीस, आई, आज हिरवं! विसरलीस? की आपल्या ओढ्याला इतिहास नसतो, नुसता वास असतो?

घड्याळाचा मनोरा. त्याला तीन बाजूंना तबकडी आहे आणि चौथी बाजू कोरी, कारण त्या बाजूच्या गावानं मनोऱ्याला वर्गणी दिली नाही. तुम्हाला वेळ बघायचा हक्क नाही म्हणून. वा! असली खुन्नस मला वाटायचं फक्त आपल्या गल्लीत असते. नीताला दोनदा वाचायला लावलं. मग मनात आलं, माझी पोरगी त्या मनोऱ्याखाली राहते आणि मी कोऱ्या बाजूला. माझी कसली वर्गणी राहिली होती गं?

आता नववा थांबा. ओतशाळा. तिथं माग ओतायचे आणि प्रत्येक मागाच्या बाजूला गावाचं नाव लोखंडात उठवायचे. गिरण्या बंद पडल्यावर ते माग जहाजांत भरून परदेशी विकले. कुठल्या परदेशी ते तू लिहिलं नाहीस. मी सांगते. माझा तीन नंबरचा आणि चार नंबरचा माग. बाजूच्या पट्टीवर अक्षरं उठलेली. मला वाचता यायची नाहीत, पण ताण्याचं सूत तुटलं की वाकताना माझा हात तिथंच टेकायचा. तेरा वर्षं टेकला. आजही डोळे मिटून बोटानं काढून दाखवीन, नीताला टेबलावर काढून दाखवलं. पहिलं दोन पोटांचं. मग एक पाय लांब टाकलेलं. ती म्हणाली, अहो आई, हे तर ब्रॅकनशॉ आहे!

मला ते ठाऊक होतं. तूच सांगितलं होतंस. चौथीत होतीस, इंग्रजी शिकत नव्हतीस अजून, मास्तरांकडून वाचून आणलंस. आई, तुझ्या मागाचं गाव ब्रॅकनशॉ आहे, मी मोठी झाले की तिथं जाणार. मी म्हटलं, जा, आणि त्यांना सांग तीन नंबरचा सूत फार तोडतो.

इतक्या गावांतून तू तेच निवडलंस. आणि माझं नाव उपलब्ध नाही.

अकरावा थांबा सांगून आजचं संपवते. तुझ्या गावच्या विणकर बायका. मागांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही म्हणून त्या ओठ मोठे हलवून बोलायच्या आणि एकमेकींचे ओठ वाचायच्या. खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला, आवाज न काढता. तू लिहिलंयस की ती एक स्वतंत्र भाषा होती आणि तिचा गावाला अभिमान आहे. तिथं तीन बायकांचे फोटो आहेत. हॅना, एलन आणि कुणी बेसी. नावासकट.

मी काय करत होते मग? मागांमधून तुला ‘डब्यात भाकरी आहे, खाऊन घे’ हे कसं सांगायची? तू दारात उभी असायचीस आणि तूही ओठांनीच म्हणायचीस, भाजी नको. मी ते बारा मागांच्या पलीकडून वाचायचे आणि डोळे वटारायचे.

बेसी ओठ वाचायची, तर तिची भाषा. सगुणा ओठ वाचायची, तर ती निरक्षर. करोनात सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली तेव्हा दोन वर्षं मी निरक्षर झाले होते, ते कबूल.

पुढचं तू बोल.

अंगठा.


र्युसेल्सहाइम
मंगळवार, ९ एप्रिल २०२४, पाडवा

कौमुदी,

सकाळी बाल्कनीत गुढी उभारली. खालून हाउसमाइस्टर विचारायला आला की उलटा तांब्या कशासाठी. हा बाबा बिल्डिंग सांभाळतो. नीतानं काय सांगितलं कोण जाणे, तो ‘गेनाऊ, गेनाऊ’ म्हणजे ‘बरोबर, बरोबर’ करत गेला. जाताना पत्रांची पेटी उघडी दिसली म्हणून वर पत्रही आणून दिलं. तुझं.

मी ते दुपारपर्यंत गुढीखाली ठेवलं. मग नीताला म्हटलं, वाच. तिनं वाचलं. एकच पान होतं.

पाटीवर जिवंत माणसाचं नाव लावायचं तर त्याची परवानगी लागते, तसा संग्रहालयाचा नियम. परवानगी तू दोनदा मागितलीस, उत्तर आलं नाही, म्हणून नाव नाही. इथवर ठीक. मग तू लिहिलंस, ‘मी तुला दहा पत्रं पाठवली. ज्या बाईनं माझं एक पत्र अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं, तिला बाकीची नऊ उघडायला वेळ झाला नाही असं मी समजते.’

नीता इथं थांबली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गुरुदत्तनं सांगितलं नसावं, तो असल्या गोष्टी सांगत नाही, तो फक्त गाडी धुतो. मला म्हणाली, आई, राहू दे का? मी म्हटलं, तू लिही. आज सणाचं खरं बोलते.

अकरा वर्षांपूर्वी तुझं पत्र आलं. तेव्हा तुझे बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, गुरुदत्त इकडं आलेला. घरात मी एकटी. पत्र घेऊन रमेश गुरुजींकडे गेले. तेच सगळ्या गल्लीची पत्रं वाचायचे, मनीऑर्डरी लिहायचे. अंगणात बसलो. त्यांनी वाचायला घेतलं. मी म्हटलं, गुरुजी, मोठ्यानं.

कारण मला ऐकू येत नव्हतं, कौमुदी.

एवढं वाक्य मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मागांनी माझे कान कधीच खाल्ले होते. दात नाही खाल्ले, कान खाल्ले. माणूस समोर असलं की ओठांवरून कळायचं, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. गुरुजी मात्र पत्र तोंडासमोर धरून वाचत होते. मी दोनदा म्हटलं, मोठ्यानं. त्यांना वाटलं, म्हातारी बसलीय लांब. ते भाषणासारखं वाचू लागले.

‘आई, मी नवऱ्याचं घर सोडलंय. कुणाला सांगू नकोस.’ हे वाक्य पाण्याच्या नळावर उभ्या असलेल्या सहा बायकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या आत्याचा तुला फोन गेला, सांत्वनाला.

मी गल्लीला सांगितलं नाही. हे मी अकरा वर्षं स्वतःला सांगतेय आणि ते खरं आहे. पण सणाचं खरं बोलायचं तर पूर्ण बोलते. नळावरच्या बायकांच्या माना वळलेल्या मला दिसल्या. कानाला कमी असलं तरी डोळ्याला नव्हतं. त्याच वाक्याला मी हात वर करून ‘पुरे, गुरुजी’ म्हणू शकत होते. म्हटलं नाही. मला पुढचं ऐकायचं होतं. त्यानं तुला मारलं का, तू कुठं झोपतेस, जेवतेस का. म्हणून मी त्यांना शेवटपर्यंत वाचू दिलं.

त्यानंतर तुझं पत्र कुणाकडून वाचून घेतलं नाही. शेजाऱ्याकडून नाही, गुरुदत्तकडूनही नाही. मला वाटलं, तोंड बंद ठेवलं की तुझी लाज राखली. तू उत्तराची वाट बघत असशील हे कळत होतं. पण उत्तर द्यायचं तर आधी कुणीतरी वाचायला पाहिजे, आणि वाचायचं तर मोठ्यानं.

नऊच्या नऊ माझ्याजवळ आहेत. उशीच्या अभ्र्यात. दर खेपेला इथं येताना बॅगेत आणते. फ्रँकफुर्टला विमानतळावर एका अधिकाऱ्यानं बॅग उघडली, बंद पाकिटं बघून त्यातलं एक उचललं. मी हात आडवा घातला. म्हटलं, अकरा वर्षं मी उघडलं नाही, तू कोण रे टिकोजीराव? त्याला मराठी येत नव्हतं, पण ठेवून दिलं त्यानं.

माफी मागत नाही. माफी मागितली की तू ‘असू दे’ म्हणशील आणि गोष्ट मिटेल. मला मिटवायची नाही, तू समोरासमोर भांडायला पाहिजेस.

(वहिनी म्हणून एक ओळ माझी, ताई. हे सांगताना आईंनी चष्मा काढून ठेवला होता. त्या म्हणतात, हे लिहू नकोस. — नीता)


र्युसेल्सहाइम
रविवार, २१ एप्रिल २०२४

कौमुदी,

वाचली. नऊही.

कशी ते सांगते, म्हणजे परत तुला वाटायला नको की शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिकीट लावलं.

या घराला बाल्कनीचं दार तीन काचांचं आहे. लावलं की सुईएवढा आवाज आत येत नाही. नीता रोज संध्याकाळी बाल्कनीत जाऊन, दार लावून, पुण्याला तिच्या आईशी फोनवर बोलते. मी आत खुर्चीत भाजी निवडत असते. ती मोकळेपणानं बोलते बिचारी. ‘आज परत उपम्यावरून.’ ‘नाही गं, मनानं चांगल्या आहेत, पण जीभ.’ ‘अजून बेचाळीस दिवस.’

(हे मला आज, लिहिता लिहिता कळतंय. मी काय लिहू यापुढे! — नीता)

लिही, लिही. मला राग नाही. मी तिच्या जागी असते तर बेचाळीस दिवस मोजताना शिव्याही दिल्या असत्या. मुद्दा असा की त्या दिवशी तिला बघताना माझ्या डोक्यात उजेड पडला. आवाजाशिवाय बोलणं मला काचेतून कळतं, तर पत्र का कळू नये? अकरा वर्षं हे सुचलं नाही. कारखान्यात मी ओठांवर अख्खा संसार केला, आणि पत्र म्हटलं की मला गुरुजीच आठवत. पत्र म्हणजे मोठ्यानं वाचायची वस्तू, असं डोक्यात बसलेलं.

नीताला टेबलापलीकडे बसवलं, खिडकीचा उजेड तोंडावर. म्हटलं, आवाज काढू नकोस. नुसते ओठ हलव, जरा सावकाश. पहिल्यांदा तिला हसू आलं. दुसऱ्या ओळीनंतर आलं नाही. शेजारच्या खोलीत गुरुदत्त टीव्हीवर फुटबॉल बघत होता, त्याला काही पत्ता नाही. दोन रविवार लागले. पत्रात काय होतं ते मी इथं बोलत नाही. ते मला कळलं, नीताला कळलं, आणि नीता आता माझ्यासारखीच तोंड मिटून आहे.

फक्त सातव्या पत्राबद्दल बोलते, कारण ते पाटीचं, आठव्यात तू तेच परत विचारलंयस. त्यात तू विचारलंयस, ‘आई, संग्रहालयात तुझा फोटो लावायचाय. तू माग कसे चालवलेस ते तुझ्या शब्दांत सांग, मी तसंच लिहीन. दाताचंही सांग.’ पाच वर्षांपूर्वीचं पत्र. पाकिटावर राणीचं तोंड, अजून जिवंत असल्यासारखं.

म्हणजे तू विचारलं होतंस. मी उत्तर दिलं नाही म्हणून तू तुला माहीत होतं ते लिहिलंस. ठीक. पाटी चुकली त्यात अर्धा हात माझा. अर्धाच. ‘पर्याय नव्हता’ हे वाक्य पूर्ण तुझं.

आता मी सांगते आणि हे धुवायचं नाही, इस्त्री करायची नाही, नीता.

‘माझं नाव सगुणा. गाव इचलकरंजी. आधी सुताच्या कांड्या भरत होते. मालक, म्हणजे पोरांचे बाबा, आजारी पडले तेव्हा भाऊ न्यायला आला होता, दोन्ही पोरांसकट चल म्हणाला. मी गेले नाही. शेठ म्हणाले, बाई माग चालवत नाही. मी म्हटलं, मागाला विचारा. चार माग चालवले, तेरा वर्षं. त्यातले दोन तुमच्या गावात ओतलेले. तीन नंबरचा फार तोडायचा, ती तुमच्या ओतशाळेची चूक. सूत तोंडानं ओढायचे, ते पटकन होतं म्हणून. त्यात कापसाची धूळ पोटात गेली, ती अजून खोकल्यातून बाहेर येते. कान मागांनी नेले. मी ओठ वाचते. अक्षरं वाचत नाही. मी जिवंत आहे.’

एवढं पाटीवर.

दाताचं पाटीवर घालू नकोस, ते तुझ्यासाठी. दात धोट्यानं गेला नाही. तू पाच वर्षांची होतीस, मी वाकून तुझी वेणी बांधत होते, तू झटक्यात वर बघितलंस आणि तुझं डोकं माझ्या तोंडावर. रक्त बघून तू किंचाळायला लागलीस. मी म्हटलं, तू नाही गं, हा मेला कालच धोट्यानं हलला होता. ते तू मनात धरून ठेवलंस आणि चाळीस वर्षांनी इंग्लंडच्या भिंतीवर लावायला निघालीस. बिचारा धोटा.

सोबत परवानगीचा कागद. मजकूर नीतानं लिहिलाय, अंगठा माझा. दोन उमटवलेत, एक पुसट आला तर.


र्युसेल्सहाइम
रविवार, ५ मे २०२४

कौमुदी,

मोठं पाकीट आलं. राजाचं तोंड असलेलं.

पाटीचा नमुना नीतानं वाचून दाखवला. आवाजासकट, गुरुदत्तसमोर, कारण हे गल्लीनंही ऐकावं असं आहे. सगळं माझंच आहे. ओतशाळेची चूक तू काढली नाहीस, शाब्बास. तुमच्या संग्रहालयाच्या साहेबांना ते वाक्य खटकलं आणि तू अडून बसलीस हे वाचून मी नीताकडे बघितलं. ती इथल्यासारखं ‘आल्झो’, म्हणजे ‘तर मग’, करून म्हणाली, हे कुठून आलं ते दिसतंच आहे.

शेवटी तू एक वाक्य स्वतःचं घातलंयस. ‘या बाईच्या मागावर उठवलेलं नाव वाचून तिची मुलगी या गावी आली.’ परवानगी न घेता घातलंस. राहू दे. मी हरकत घेत नाही.

त्याच पाकिटात आणखी एक पाकीट निघालं. लहान, चिकटवलेलं. नीता म्हणाली, वर लिहिलंय, ‘फक्त आईला’.

कौमुदी, तू एवढी शिकलीस, गावाचा इतिहास लिहितेस, आणि फक्त आईला म्हणून पत्र लिहून पाठवतेस? फक्त आईला पत्र वाचता येत असतं तर अकरा वर्षं गेली असती का? नीता म्हणाली, मी ओठांनी वाचते की. वाचली असती तिनं. चांगली वाचते आता, पुण्याच्या बाईचे ओठ जरा घट्ट असतात, पण सुधारलेत. मी नको म्हटलं. फक्त आईला म्हणजे फक्त आईला.

ते नऊ पत्रांच्या शेजारी ठेवलंय. ती नऊ उघडी, हे बंद.

वरच्या पत्रात तू खाली बारीक अक्षरांत विचारलंयस, येऊ का. विचारतेस काय? इथं वीस मेला फिंग्स्टेनची सुट्टी आहे, सोमवार. गुरुदत्त विमानतळावर येईल, त्यासाठी गाडी कालच धुतली त्यानं. नीतानं बाल्कनीच्या खोलीत तुझी गादी घातलीय आणि पुण्याला फोनवर सांगितलंय, ‘नणंद येतेय, आता दोघी.’ मी पाहिलं. तिनंही पाहिलं की मी पाहिलं. दोघी हसलो.

मला पंचवीसच्या आत जायचंय. म्हणजे चार दिवस भांडायला मिळतील. पुरतील. आशीर्वाद शिल्लक राहिलाय, पण तो पोस्टानं पाठवत नाही.

येताना काही आणू नकोस. तुझ्या मनोऱ्याचा, कोऱ्या बाजूनं काढलेला एक फोटो आण, तेवढा बघायचाय.

आणि ते बंद पाकीट तूच उघड. स्वयंपाकघरात, माझ्या समोर, खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी बस. आवाज काढू नकोस. गुरुदत्त घरात असला तरी चालेल, दार उघडं असलं तरी चालेल, खाली हाउसमाइस्टर उभा असला तरी चालेल. नुसते ओठ हलव. लहानपणी दारात उभी राहून ‘भाजी नको’ म्हणायचीस, तसे.

मी मधे थांबवणार नाही. शेवटपर्यंत वाचेन.

अंगठा,
सगुणा